बघायला दीडशे, राहायला कुणीच नाही

पत्रलेखकांचं वय 66. घरामागच्या बागेत गेली 22 वर्षं त्यांची छोटी मॉडेल रेल्वे धावते आहे. 45 मिलिमीटर गेज (म्हणजे दोन रुळांमधलं अंतर), मुख्य मार्गाचा फेरा साधारण 60 मीटरचा, दोन स्थानकं, एक यार्ड, एक लाकडी पूल, विजेवरची चार इंजिनं आणि एक खरोखर वाफेवर चालणारं. त्यांच्यासारख्याच हौशी मंडळींचा एक गट आहे. कधीकाळी त्यात 30 जण होते, आता 11 उरले आहेत आणि त्यांतले नऊ साठीच्या पुढचे. झाडांचं सगळं पत्नी बघते, स्थानकं आणि घरं एका सदस्याची सून रंगवते, असा उल्लेख ओघात येतो. वर्षातून एकदा ते बाग सगळ्यांना खुली ठेवतात. मागच्या खेपेला दीडशेच्या आसपास माणसं आली. ‘मुलं रुळांत शिरू नयेत म्हणून भोवती दोरी बांधतो, तरी गर्दी हटत नव्हती,’ असं ते लिहितात. फोटो निघाले, कौतुक झालं, आणि त्यांतलं पुन्हा कुणी फिरकलं नाही. गटाने वर्गणी निम्म्यावर आणली, पत्रकं वाटली, व्हिडिओ केले. सदस्यांत तीन मतं आहेत: हल्लीच्या मुलांना फोनपुढे काही दिसत नाही, हा छंदच महाग आहे, आणि जाऊ दे, चाललंय तोवर चालू दे. मध्यंतरी पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा चार महिने नेमाने येत होता. ‘त्याला आम्ही सगळं समजावून सांगितलं, अगदी स्केलचा इतिहाससुद्धा.’ मग तोही यायचा बंद झाला. आमचं कुठे चुकतंय, असा त्यांचा प्रश्न आहे. पत्राखाली, सहीनंतर, एक ओळ आहे: ‘माझ्यानंतर या रुळांचं काय होणार, हे हल्ली रात्री डोक्यात येतं.’

नमस्कार,

तुमच्या पत्रातली दोरी माझ्या डोक्यातून जाईना. बाकीचं पत्र पुन्हा वाचलं तेव्हाही मी त्या दोरीच्या अलीकडेच उभी होते.

समजा, त्या दिवशी मीही आले आहे. गाडी सुटते. तुम्ही ती बेताने चालवत असणार. खऱ्या, अरुंद रुळांवरची गाडी ताशी 30 किलोमीटरने जात असेल, तर 1:22.5 च्या प्रमाणात (स्केलमध्ये), म्हणजे खरीच्या साडेबाविसाव्या भागाएवढ्या तुमच्या गाडीने सेकंदाला 37 सेंटिमीटर जायला हवं. म्हणजे 60 मीटरचा फेरा पावणेतीन मिनिटांत. पहिल्या फेरीला मी हरखून जाते. दुसऱ्या फेरीला पूल नीट बघते, फोटो काढते. तिसऱ्या फेरीला मला ठाऊक असतं की आता ती त्या झुडपाआडून बाहेर पडणार. आठ मिनिटं होत आलेली असतात आणि माझं मनसोक्त बघून झालेलं असतं. मी खूश होऊन घरी जाते. तुम्ही खेळ दाखवलात, मी टाळ्या वाजवल्या, फिटंफाट.

ती दीडशे माणसं छंद नावडला म्हणून गेली नाहीत. बघून झाल्यावर तिथे करण्यासारखं काही उरलं नाही म्हणून गेली. तेव्हा ‘लोक येत नाहीत’ हे वाक्य आधी खोडून टाका. लोक येतात, आणि तुम्ही त्यांना प्रेक्षक म्हणून बोलावता, म्हणून ते प्रेक्षकासारखे वागतात.

आता फोनचं. हे मत तुमच्या गटात कुणाचं आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. थोडं तुमचंही असावं असा मला संशय आहे. पण याच पत्रात तुम्ही त्या मुलाबद्दल लिहिलं आहे, आणि तो चार महिने आला. सोळाव्या वर्षी सुट्टीच्या सकाळी उठून, आपल्या आजोबांच्या वयाच्या माणसांच्या बागेत, सलग चार महिने. त्याच्याकडेही फोन होताच की. मला त्याचं जाणं कळतं. तो इतके दिवस टिकला कसा, याचंच नवल वाटतं. त्या चार महिन्यांत त्याने स्वतःच्या हाताने काय केलं? पत्रात तुम्ही त्याला ‘समजावून सांगितलं’, ‘दाखवलं’, ‘माहिती दिली’ असं आहे. सगळी क्रियापदं तुमचीच. त्याचं एकच क्रियापद आहे: येत होता.

हे टोचून बोलते आहे असं वाटू देऊ नका. हीच चूक मी केली आहे. माझ्या शेजारी राहायला आलेल्या एका गृहस्थांनी कुंपणावरून माझी गाडी बघून साधा प्रश्न विचारला, ‘हे कुठल्या मापाचं असतं?’ मी त्यांना बसवलं आणि चाळीस मिनिटं बोलले. एकाच 45 मिलिमीटरच्या रुळांवर 1:22.5 कसं चालतं, कारण तिथे मूळ, खऱ्या रेल्वेचा मार्ग एक मीटर रुंदीचा, 1:32 कसं चालतं, कारण तिथे मूळ मार्ग नेहमीचा, 1435 मिलिमीटरचा, 1:20.3 म्हणजे तीन फुटी मार्ग. आणि 1:29 हे यांतल्या कुठल्याच हिशोबात का बसत नाही, तरी त्या प्रमाणातली इंजिनं इतकी का खपली. मला वाटत होतं, काय सुंदर रंगली आहे चर्चा. ते पुन्हा आले नाहीत. कुंपणापाशी दिसले की मान डोलवून आत जायचे. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या मुलीकडून कळलं की त्यांना एक जुना, मोडलेला डबा सापडला होता आणि तो माझ्या रुळांवर बसेल का, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

नव्या माणसाला द्यायचं उत्तर दोन वाक्यांचं आहे. रूळ एकच आहेत, चाकांचं अंतर जुळलं की गाडी धावते. शेजारीशेजारी ठेवून डोळ्यांना खटकत नसेल तर काहीही एकत्र चालवा. स्केलचा बाकीचा सगळा पसारा त्याला पुढे स्वतःहून हवासा वाटेल आणि तो विचारत येईल. तेव्हा तुमची चाळीस मिनिटं त्यालाच कमी पडतील.

तुमच्या 11 या आकड्याशी मात्र मला जरा भांडायचं आहे.

झाडांचं सगळं तुमच्या पत्नी बघतात. दर आठवड्याला रुळांवर आलेल्या फांद्या कोण छाटतं? कुठल्या झाडाची मुळं खडी उचलतील आणि कुठल्याची नाही, हे कुणाला कळतं? स्थानकावरची ती घरं, ज्यांचे फोटो दीडशे माणसांनी काढले, ती एक सून रंगवते. या दोघी तुमच्या अकरांत आहेत का? मला पत्रावरून तरी त्या ‘घरचं माणूस’ या खात्यात दिसतात. बागेतल्या रेल्वेत बाग वजा केली तर उरते ती उघड्यावर ठेवलेली रेल्वे. अर्धा छंद ज्यांच्या हातात आहे त्यांना तुम्ही सदस्यच धरत नसाल, तर त्यांच्यासारखी आणखी माणसं या छंदाकडे येऊ शकतात हे तुमच्या लक्षात तरी कसं येणार?

मी या छंदात इंजिनांमुळे आलेली नाही. माझ्या एका नातेवाइकांच्या बागेत रुळांलगत रुंद पानांचं एक झुडूप होतं. त्याचं एकेक पान डब्याच्या खिडकीपेक्षा मोठं. गाडी त्याच्याजवळून गेली की खेळण्यासारखी दिसायची. त्यांनी मला विचारलं, याच्याजागी काय लावू? झाडांतलं मला थोडं कळायचं. आम्ही बारीक पानांची, जमिनीलगत पसरणारी थाइम लावली, दगडांच्या फटींत जाड पानांचं बुटकं सीडम लावलं. एक खुजं सूचिपर्णी झाड होतं, त्याच्या खालच्या फांद्या काढून खोड उघडं केलं आणि वरचा भार विरळ केला. कात्री खाली ठेवून मी मागे सरकले, तर गुडघ्याएवढं ते झाड एकदम दोनशे वर्षांचं दिसायला लागलं होतं. त्याच्या खालून गाडी गेली तेव्हा मी त्यांना म्हटलं, पुन्हा जाऊ दे ना. त्यानंतर दर पंधरवड्याला मी कात्री घेऊन तिथे. दोन वर्षांनी कुणीतरी विचारलं, ‘तुमचं इंजिन कुठलं?’ तोपर्यंत आपल्यालाही इंजिन असू शकतं हे मला सुचलंही नव्हतं.

तेव्हा नवी माणसं शोधताना ‘मुलं’ एवढाच शब्द डोक्यात ठेवू नका. मुलांना गाडी आवडतेच, पण बारा वर्षांच्या मुलाकडे स्वतःची जमीन नसते, पैसा नसतो, आणि चार वर्षांनी तो कुठल्या गावात असेल हे त्यालाही माहीत नसतं. त्याला आनंद द्या, त्याच्याकडून गटाचं भविष्य मागू नका. ज्यांच्याकडे चार हात जमीन आणि सुट्टीचा एक दिवस मोकळा आहे अशी चाळिशीतली माणसं बघा, नुकतीच निवृत्त झालेली बघा. त्याहीआधी, ज्यांचे हात आधीच कशाततरी गुंतले आहेत ती माणसं बघा. बागकाम करणारी. सुतारकाम करणारी. सर्किटं जोडत बसणारी. थ्रीडी प्रिंटर घेऊन ‘आता यावर काय बनवू’ म्हणत असलेली. छंद कसा जोपासायचा हे या लोकांना शिकवावं लागत नाही, त्यांना एक नवं निमित्त हवं असतं. बागकाम करणाऱ्यांच्या गटाला बोलवायचं तर ‘आमची रेल्वे बघायला या’ असं सांगू नका. ‘आमच्या बोगद्यावरच्या उतारावर काही टिकत नाही, ऊन फार लागतं, काय लावावं ते सांगाल का?’ असं विचारा. मदत मागितलेलं माणूस पुन्हा डोकावतं, कारण आपण सांगितलेलं झाड जगलं का हे त्याला बघायचं असतं.

खर्चाबद्दल तुमच्या मित्रांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पण तुम्ही उपाय केलात वर्गणीवर, आणि वर्गणीने कुणी अडलं नव्हतं. येणारा माणूस तुमचे 60 मीटर पितळी रूळ बघतो, पूल बघतो, वाफेचं इंजिन बघतो आणि मनात बेरीज करतो. त्या बेरजेला 22 वर्षांनी भागायचं असतं हे त्याला कोण सांगणार? तुम्ही पहिल्या दिवशी काय मांडलं होतं ते आठवा. बहुतेक एक वर्तुळ, एक बुटकं इंजिन आणि दोन-तीन डबे. तेच मांडा, मोठ्या मार्गाच्या शेजारी, गवतावर, सगळ्यांना दिसेल असं. शेजारी पाटी लावा: ‘22 वर्षांपूर्वी एवढंच होतं.’ जुना फोटो असेल तर तोही.

आणि ही सुरुवात घरी नेता येऊ द्या. माझ्या माहितीत सगळ्यात जास्त माणसं या छंदाला चिकटली ती एका उसन्या पेटीमुळे. पेटीत काय असावं ते सविस्तर सांगते, कारण चूक इथेच होते. 30 अंशांचे 12 वक्र तुकडे घ्या, 60 सेंटिमीटर त्रिज्येचे. त्यांचं पुरं वर्तुळ 120 सेंटिमीटर व्यासाचं होतं. त्यात 30 सेंटिमीटरचे चार सरळ तुकडे टाकले की लांबी 180 सेंटिमीटरवर जाते आणि लंबगोल तयार. हे एखाद्या खोलीच्या फरशीवरही मावतं. ज्यांच्याकडे बाग नाही ते कमरेएवढ्या उंचीच्या फळ्यांवर, कुंड्यांमधून मार्ग नेतात, आणि गुडघे दुखणाऱ्यांनाही तीच उंची बरी पडते. इंजिन बॅटरीवर चालणारं घ्या. यावर तुमच्या गटात वाद होईल, होऊ द्या. रुळांतून वीज द्यायची तर पितळ काळं पडतं, घासावं लागतं, रुळांचा एखादा जोड ढिला असला की गाडी तिथेच थांबते. शिवाय ट्रान्सफॉर्मर कोरड्या जागी, घराच्या आत ठेवायचा हे नव्या माणसाच्या लक्षात राहीलच असं नाही. त्याची पहिली संध्याकाळ रूळ घासण्यात जायला नको. बॅटरी असेल तर रूळ मातीने माखलेले असले तरी गाडी पळते. डबे आकडा-कडी पद्धतीच्या साध्या जोडणीचे ठेवा. दिसायला ती ओबडधोबड असते हे मान्य, पण चिमुकल्या बोटांनाही जमते आणि वळणावर सुटत नाही. एक ब्रश. एक पान माहिती, एकच. आणि महिनाभराची मुदत. पेटी परत आणायला माणूस येतो तेव्हा तो ‘धन्यवाद’ म्हणून जातो की ‘अजून आठवडाभर ठेवू का?’ म्हणतो, यावरून तुम्हाला सगळं कळेल.

एक गोष्ट मनाशी पक्की करा: पेटीतलं इंजिन आपटणार आहे. आपटलं तर चालेल असंच निवडा. ते परत येताना एक पायरी तुटली असेल तर तोंड वाकडं करायचं नाही. हे मला आजही जमत नाही, पण प्रयत्न करते.

खुल्या दिवसाचं काय करायचं, तर दोरी सगळीकडून काढू नका. वाफेच्या इंजिनाभोवती ती असलीच पाहिजे, तिथे बॉयलर तापलेला असतो आणि गॅस भरताना जवळपास ज्योत चालत नाही. पण यार्डच्या बाजूची दोरी सोडा. तिथे गोल गोल फिरणारी गाडी ठेवू नका, काम ठेवा. चार मालवाघिणी, गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे दोन सांधे, आणि हातात द्यायला चिठ्ठ्या: ‘खडीची वाघीण पुलापलीकडच्या स्थानकात सोडून या’, ‘रिकामा डबा यार्डात मागच्या रुळावर लावा’. आलेल्या माणसाच्या हातात पाच मिनिटांच्या आत रिमोट पडला पाहिजे आणि तुमचे हात पाठीमागे गेले पाहिजेत. खरंच पाठीमागे बांधा, नाहीतर ते आपोआप पुढे येतात. सांधा चुकीचा लागेल, गाडी भलत्याच रुळावर जाईल, ती उलटी आणावी लागेल. ही गंमत फेऱ्या मारणाऱ्या गाडीत नाही. खडी भरलेली वाघीण जागेवर पोहोचवायला आठ वर्षांच्या मुलीला दहा मिनिटं लागतात आणि त्या दहा मिनिटांत ती एकदाही वर बघत नाही. तिचे आईवडीलही शेजारी उकिडवे बसून ‘अगं, आधी तो डबा बाजूला घे’ म्हणत असतात. तुमचे पुढचे सदस्य बहुधा ते आईवडील आहेत.

वाफेचं इंजिन मोठ्यांसाठी राखून ठेवा. त्यातही नुसतं चालवून दाखवू नका, एखाद्याला जवळ बसवून तयारीला हात लावू द्या: पाणी भरणं, तेल भरणं. मला स्वतःला वाफेची गोडी लागली ती त्या तेलाच्या छोट्या डबीमुळे. वाफ डबीत शिरते, गार होऊन पाणी होते, पाणी जड म्हणून तळाशी बसतं आणि तेवढंच तेल वर उचललं जाऊन सिलिंडरकडे जातं. पंप नाही, काही नाही. गाडी थांबल्यावर, निवल्यावर, पिचकारीने डबीतून ते गढूळ पाणी ओढून काढायचं आणि त्याजागी पुन्हा तेल भरायचं. ज्याने एकदा ते पाणी स्वतः ओढून काढलं त्याला पुढच्या वेळी इंजिनाचा आवाज वेगळा ऐकू येतो.

दिवस संपताना सदस्यत्वाचा अर्ज पुढे करू नका. आठ दिवसांच्या आतल्या एका सकाळचं बोलावणं द्या, आणि ती सकाळ कामाची असू दे. ‘पुलाकडची खडी खचली आहे, रूळ उचलून पुन्हा बसवायचे आहेत, जुने कपडे घालून या.’ दीडशेपैकी तीन येतील. ते तीन पुरे आहेत. स्वतः ठोकून सपाट केलेल्या हातभर खडीवरून गाडी न डुलता गेली की माणूस तिथून हलत नाही. ‘पाहुण्याला कामाला कसं लावायचं?’ असा संकोच तुम्हाला वाटेल. त्याला पाहुणा ठेवलात तर तो पाहुण्यासारखाच जाईल.

व्हिडिओंबद्दल फार लिहीत नाही. करत असाल तर करा, फक्त नेहमी निर्दोष धावणारी गाडीच दाखवू नका. घसरलेली दाखवा, रुळावर ठाण मांडून बसलेली गोगलगाय दाखवा, दुरुस्ती दाखवा. परिपूर्ण गोष्ट बघून माणूस ‘वा’ म्हणतो आणि पुढे सरकतो.

आता सहीखालची ओळ. मला वाटतं खरं पत्र तेवढंच होतं.

तुम्हाला नवी माणसं हवी आहेत. पण कशासाठी? सुट्टीच्या सकाळी गप्पा मारायला सोबत हवी, म्हणून? हा छंद जगात टिकावा, म्हणून? की तुमच्या रुळांना वारस हवा, म्हणून? ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि एका औषधाने बरी होत नाहीत. सोबत हवी असेल तर अकरा जण कमी नाहीत. गट वाढलाच पाहिजे असा कुठे नियम नाही, आणि ‘जाऊ दे, चालू दे’ म्हणणाऱ्या तुमच्या मित्राला मी आळशी म्हणणार नाही. फक्त तसं ठरवलंत तर ते उघड ठरवा, दर वर्षी खुल्या दिवसानंतर हिरमुसून बसू नका.

छंद टिकण्याची काळजी मला तुमच्याइतकी वाटत नाही. मेर्क्लिन या जर्मन कंपनीने 1891 मध्ये ठरावीक गेजच्या खेळण्यांच्या रेल्वेगाड्या बाजारात आणल्या, त्यातल्या एक नंबरच्या गेजची रुंदी आज 45 मिलिमीटर धरली जाते. 1968 मध्ये लेमान कंपनीने एलजीबी ही बागेत मांडायची रेल्वे आणली ती याच रुंदीवर, आणि पाऊस-उन्हात राहू शकणारी गाडी घरोघरच्या बागांत पोहोचली. 2006 मध्ये लेमान कंपनी दिवाळखोरीत गेली, पुढच्या वर्षी मेर्क्लिनने एलजीबी घेतली. मधल्या काळात बागांतल्या गाड्या काही थांबल्या नाहीत. सत्तरच्या दशकातला डबा आजच्या रुळांवर बसतो आणि आजचा डबा तेव्हाच्या रुळांवर.

वारसाबद्दल मात्र कडू वाटेल असं काहीतरी सांगायला हवं. नवा माणूस तुमची रेल्वे सांभाळायला येणार नाही. तो त्याची स्वतःची मांडायला येईल, तुमच्याहून वेगळी, कदाचित तुम्हाला न आवडणारी. तुमच्या चार इंजिनांतलं एखादं त्याच्या मार्गावर धावेल, पुलाचं लाकूड कुजेल, यार्डात गवत वाढेल. बागेतली कुठलीच रेल्वे मूळ जागी फार टिकत नाही, पण रूळ उचलता येतात ही या छंदातली फार मोठी सोय आहे. तेव्हा रात्री विचार करण्यापेक्षा एखाद्या दुपारी वही घेऊन बसा. कुठलं इंजिन कुठल्या खोक्यात, कशावर चालतं, त्याला कुठलं तेल लागतं, काय मोडलं आहे, ते कुणाकडे जावं असं वाटतं. हे पत्नीला सांगा, गटातल्या दोघांना सांगा. उचलणी आपण सगळे मिळून करू, असं अकरा जणांनी एकमेकांना आत्ताच कबूल करा. तेराही असतील, त्या दोघींना धरलं तर. ही वही होईपर्यंत तुम्ही नव्या माणसाकडे वारस म्हणूनच बघाल, आणि त्याला ते ओझं पहिल्याच दिवशी जाणवेल. मला शंका आहे की त्या सोळा वर्षांच्या मुलालाही ते जाणवलं असावं.

त्याचा नंबर तुमच्याकडे असेलच. निरोप पाठवा, पण ‘बरेच दिवसांत आला नाहीस’ असा नको. थंडीच्या सकाळी तुमच्या रुळांच्या जोडांत फट दिसते आणि दुपारी ती मिटते, हे तुम्ही 22 वर्षं बघत आला आहात. त्याला विचारा, सकाळी सातला आणि दुपारी दोनला ती फट मोजून देशील का? पितळाचा 10 मीटरचा पट्टा 40 अंशांच्या फरकाने साडेसात मिलिमीटरहून थोडा जास्त वाढतो. हा आकडा त्याला सांगू नका. त्याला तो काढू दे. रूळ काँक्रीटला घट्ट न आवळता खडीत मोकळे का ठेवले आहेत हे त्याचं त्याला कळेल, आणि तुमच्या पुलाच्या टोकाला ते आवळलेले असतील तर तो तुमची चूकही काढेल. तो मोजत असेल तेव्हा तुम्ही झाडांना पाणी घालत राहा, आणि त्याने हाक मारली तरच तिकडे जा.